सुधावहिनींचा पुढचा ब्रेक

समोरच्या सुधावहिनी रोज सकाळी चहाच्या आधी सायकलची नाडी बघतात. म्हणजे दोन्ही ब्रेक दाबतात, चाक उचलून फिरवतात, कान लावतात आणि गंभीरपणे मान हलवतात. आयुष्यभर नर्स होत्या, त्याचा हा परिणाम. वय बहात्तर. रत्नागिरीच्या चढउतारांवर धडधाकट माणसं स्कूटर घेतात. वहिनी सायकल सोडत नाहीत.

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत ना, "आजी, मागे कोण ठोकतंय?" त्या ठोकण्याची ही हकीकत.

"न जमायला काय झालंय मेल्याला!" हे वहिनींचं लाडकं वाक्य. मेला म्हणजे कधी कुकरचं झाकण, कधी बँकेचा फॉर्म, तर कधी इंजेक्शनला घाबरलेला हवालदार.

खाऱ्या हवेने त्यांच्या लेडीज सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं तो भाग, गंजून तडकला. दुकानदार नवा दाखवत होता. वहिनींनी तो हातातही घेतला नाही. घरी येऊन त्यांनी पडवीतल्या भाऊंच्या सायकलचा चिमटा सोडवला. भाऊ म्हणजे त्यांचे यजमान. पाच वर्षांपूर्वी गेले. त्या सायकलला एकदा मी नुसती पिशवी अडकवली, तर वहिनींनी ती लगेच काढून माझ्या हातात दिली होती. म्हणून मला नवल वाटलं.

चिमटा बसला, पण अर्धा इंच लांब निघाला. ब्रेक वर राहिला आणि त्याची रबरं रिमऐवजी टायरवर घासू लागली.

"आजी, ह्या चिमट्याला हा ब्रेक नाही चालायचा," सायकल दाखवायला नेली तेव्हा दुकानदार म्हणाला.

"न चालायला काय झालंय मेल्याला!"

त्यांनी दाराच्या जुन्या बिजागरीची एक पाती घेतली. वरचं भोक चिमट्याला, खालचं ब्रेकला. ब्रेक अर्धा इंच खाली आला. मला तर पटलं.

तेवढ्यात मुंबईहून त्यांचा अभय आला. त्याने सायकल ढकलत ब्रेक दाबला आणि पातीच गर्रकन फिरली.

"आई, उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

"तुझा हात जड आहे, बाबा. तुझ्या मुंजीत समईसुद्धा पाडलीस तू."

"घाटीच्या उतारावरून पडलीस म्हणजे?"

"पडले तर मलमपट्टी मला येते. तुला येते का?"

शेवटी ठरलं. सकाळी वहिनींनी घाटीवरून यायचं आणि खाली थांबून दाखवायचं. फक्त पुढच्या ब्रेकवर. नाही थांबली, तर सायकल भंगारात.

दुपारभर ठोकाठोक चालली होती. या वेळी जाड लोखंडी पट्टी. तिच्या वरच्या दोन्ही कडा वहिनींनी अशा वाकवल्या, की पट्टीने चिमट्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं. आता फिरायला जागाच नव्हती.

सकाळी मी घाटीखाली रांगोळीची सरळ रेघ मारली आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभी राहिले. वहिनी वरून ओरडल्या, "ताई, पेटी घरी ठेवा! अपशकुन नको!"

मग पदर खोचून निघाल्या. अभयने डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. रेघ माझी होती. ब्रेक असा किंचाळला की गडग्याच्या दगडी भिंतीवरची मांजर घरात पळाली. सायकल रेघेच्या हातभर अलीकडे थांबली.

"बोलव तुझ्या भंगारवाल्याला," वहिनी म्हणाल्या. "चहा पिऊन जाईल."

अभय पुढे आला. त्याने सायकल स्वतः ढकलत वर नेली.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. संध्याकाळी वहिनी पडवीत चिमटा पुसत बसल्या होत्या. मी विचारलं, "वहिनी, नवा चिमटा घेतला असता तर हे सगळं वाचलं असतं ना?"

"वाचलं असतं." त्या पुसत राहिल्या. "पण ताई, घाटी आली की हे नेहमी पुढे जायचे. मागे वळून म्हणायचे, 'सुधा, ब्रेक धर.' मी चिडायचे. मला काय कळत नाही? पाच वर्षं एकटीच उतरतेय. पुढे कोणी नसतं हो."

फडकं झटकून त्यांनी ब्रेक एकदा दाबला, सोडला.

"आता आहेत," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.