गोकुळच्या साखरपुड्याचा बोर्ड

“मामा, बोर्डाचं माझ्यावर सोडा! आख्खं बजाजनगर बघत राहील!” गोकुळनं होणाऱ्या सासऱ्याला, बिडकीनच्या नानासाहेबांना, छाती फुगवून सांगितलं.

मंगल कार्यालयात वरच्या हॉलात गोकुळचा साखरपुडा, खालच्या हॉलात बद्रीनाथरावांच्या नातीचं बारसं, अन् गेटवर दोन्हींसाठी लाल दिव्यांचा एकच बोर्ड होता. त्याची जुनी केबल उंदरांनी कुरतडली होती. नेटवर्कचं काम करणाऱ्या गोकुळनं ती उपटली अन् तिथं दोन वायरलेस डब्बे बसवले. तारच नाय म्हणल्यावर उंदीर उपाशी!

पण जुन्या केबलीत अक्षरांसोबत ठेका देणारी एक तार होती, अन् ‘हा मजकूर संपला’ सांगणारी दुसरी. डब्ब्यातून नुसती अक्षरं जायची. एकेक अक्षर ठणठणीत पोचलं, पण कोणता मजकूर कुठं संपला हे बोर्डाला सांगणार कोण? त्यानं आपल्या मनानं तोडायला सुरुवात केली!

पाहुणे गेटात आले अन् बोर्ड झळकला:

‘चि. गोकुळ व चि. सौ. कां. मोनिका खालचा हॉल बारसं’

मागोमाग:

‘बद्रीनाथरावांची नात वरचा हॉल साखरपुडा’

खालच्या हॉलातून बद्रीनाथराव तोफेच्या गोळ्यासारखे सुटले. “माझ्या नातीला अजून दात नाय आले, अन् साखरपुडा कोण करायलंय?”

तेवढ्यात मोनिकाची आत्या, पाचोडची दगडाबाई, समोरच्या दुकानातून झबलं घेऊन आली अन् थेट नवरीच्या मांडीवर ठेवलं. “कळवायचं तरी गं बया! बाळ कुठाय?”

“आत्या, अजून अंगठी नाय घातली!” मोनिका किंचाळली.

नानासाहेबांचा फेटा थरथरायला लागला. “जावईबापू, बोर्ड नीट करा. नायतर ही सोयरीक इथंच मोडली समजा!”

गोकुळला दरदरून घाम फुटला. पण डोकं चाललं! मजकुराच्या शेवटी खूण पाहिजे. कोणती? पूर्णविराम! टिंब दिसलं की तोड, असं त्यानं बोर्डाला बजावलं.

बोर्डानं लई इमानदारीनं हुकूम पाळला.

‘वरचा हॉल साखरपुडा चि’

‘गोकुळ व चि’

‘सौ’

‘कां’

‘मोनिका’

“आमची पोरगी एकटीच?” नानासाहेब गरजले. “अन् गोकुळसोबत ही चि कोण आणली?”

“मामा, ती तुमचीच... म्हणजे चिरंजीवातली...”

“बंद करा ते!” त्यांनी स्वतः प्लग उपटला अन् गोकुळच्या हातात फळा-खडू दिला. “हातानं लिहा! शेवटचा चान्स!”

गोकुळनं जीव ओतून लिहिलं. वळणदार, टपोरं, सलग. दोन्ही कार्यक्रम, एका दमात.

दगडाबाईनं मोठ्यानं वाचलं. “साखरपुडा गोकुळ व मोनिका खालचा हॉल बारसं... मग तेच तर म्हणते मी!”

नानासाहेबांनी निघायला चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात मोनिका जिना उतरून खाली आली, गोकुळच्या हातातून खडू घेतला अन् दोन कार्यक्रमांच्या मधोमध एक आडवी रेघ ओढली.

“एवढी रेघ मारायला इंजिनिअर लागतो व्हय?” तिनं विचारलं. बद्रीनाथरावांसकट सगळे हसले. नानासाहेबांनी चपला पुन्हा काढल्या.

साखरपुडा झाला. दगडाबाईनं झबलं मात्र परत घेतलं नाय. म्हणाली, “राहू दे. लग्नाचा बोर्ड पण ह्यालाच लावायचाय ना?”