तात्यांच्या दारातला नळ

तात्यांनी एकदा स्वतःच्याच सत्काराला हरकत घेतली होती. गावातल्या वयोवृद्धांना शाल-श्रीफळ देण्याचा ठराव मी ग्रामसभेत वाचला आणि मागच्या खांबाला टेकलेले तात्या उठले. "आपली हरकत हाय. लिवून घ्या. ऐन उन्हाळ्यात शाली पांघरून म्हाताऱ्यांना उकडून मारता व्हय?"

मी तेव्हा ग्रामपंचायतीत क्लार्क होतो, म्हणून लिहून घेणं माझ्या नशिबी. आमचं गाव बारामतीहून सोमेश्वरनगरला जाताना लागतं. तिथं गटाराचा विषय निघो की शाळेच्या रंगाचा, तात्यांची हरकत ठरलेली. लिहिलेली हरकत ते मला मोठ्यानं वाचायला लावत आणि भजन ऐकावं तशी मान डोलावत. एकदा वादाचा विषयच नव्हता, तर त्यांनी सभा लवकर संपवायला हरकत घेतली. आम्ही पोट धरून हसलो.

तात्या मूळचे मेंढपाळ. कळप विकून ऊस लावला, काकू वारल्या, मुलगा पिंपरीच्या कंपनीत चिकटला. गावाबाहेर मळ्यातलं घर, दारात विहीर आणि एक बाज, एवढाच त्यांचा संसार उरला होता.

नव्वद सालानंतर साखर कारखान्यातल्या नोकरदारांना घराला जागा हव्या झाल्या, तसं तात्यांच्या शेजारच्या शंकररावांनी आपल्या रानाचे प्लॉट पाडायला काढले. त्यातल्या एकावर माझाही डोळा होता. बारामतीहून महसूल खात्याचे साहेब आले आणि चावडीत प्लॉटांची सुनावणी लागली. शेजारी अडून बसला की प्रकरण वर्षभर लोंबकळतं, हे शंकररावांना ठाऊक होतं. त्यांनी तात्यांसाठी आल्या आल्या भेळ मागवली. तात्यांनी ती संपवली, हात पुसले आणि म्हणाले, "आपली हरकत हाय."

शंकररावांनी कपाळाला हात लावला.

"रस्त्याला हरकत आहे का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय."

"मग बांधाला?"

"न्हाय. नळाला."

नकाशात सार्वजनिक नळ प्लॉटांच्या मधोमध होता. तात्यांना तो त्यांच्या दारात पाहिजे होता.

"सायब, ह्यांच्या हिरीला बारमाही पाणी हाय!" शंकरराव ओरडले.

"हाय की. पन नळ माझ्या दारात पायजे. न्हायतर सही न्हाय."

म्हातारपणी एवढी हाव बरी नव्हे, असं सगळी चावडी म्हणाली. साहेबांना जेवायला जायचं होतं. त्यांनी नकाशातला नळ तात्यांच्या दाराकडच्या कोपऱ्यात सरकवला.

घरं उभी राहिली, माझंही झालं. बायको रोज कुरकुरायची, "अख्खं रान तुडवून त्या म्हाताऱ्याच्या दारात जायचं!" पण गेली की तासभर परतायची नाही. तात्यांनी नळाजवळ हंडे टेकायला दगडी ओटा बांधला होता. पाणी यायच्या आधीपासून ते बाजेवर बसलेले असत. बायांची गर्दी झाली की मेंढरं हाकल्यासारखं 'हुर्रर्र' करून रांग लावत. पूर्वी मेंढरं तोंडावरून ओळखत, तसे आता पोच्यांवरून हंडे ओळखत. "ही कळशी मागनं यून म्होरं कशी ग्येली? आपली हरकत हाय!" बाया हसून बेजार होत. कुणाचं पोर आजारी, कुणाच्या घरी काय भाजी, सगळं तात्यांना ठाऊक. ग्रामसभेला ते फिरकेनासे झाले. मी विचारलं तर म्हणाले, "येळ कुठं हाय, क्लार्कसायेब?"

मग घरोघर नळ द्यायचा विषय आला. पाइप तात्यांच्या बांधातूनच न्यावा लागणार होता, म्हणजे पुन्हा त्यांची संमती. त्या दिवशी ते सभेला आले आणि जुन्या खांबाला टेकले. मी विषय वाचला. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. सवयीनं मी 'हरकत' हा शब्द आधीच लिहून ठेवला होता.

तात्या सावकाश उठले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्यांच्या मालकीणबाईंना दिवस गेल्यात. परवा हंडा उचलंना, तर वट्यावर बसून ऱ्हायली पोर. आनूद्या पायपा."

"म्हणजे हरकत...?"

"न्हाय. लिवून घ्या."

मी शब्द खोडला. वाचून दाखवायला त्यांनी सांगितलं नाही.

घरात पाणी आलं. बायकोनं नळाला हळदकुंकू लावलं. सकाळी कामावर जाताना तात्यांचं दार लागायचं. ओटा धुतलेला, बाज तिथंच, तात्या बसलेले. "थांबा की जरा," ते म्हणायचे. मी थोडा वेळ थांबायचो, पण माझ्याकडं हंडा नव्हता आणि सांगण्यासारखं फारसं काही नसायचं. फार वाईट वाटायचं.

वर्षभरानं सभेपुढं विषय आला, वापरात नसलेला सार्वजनिक नळ बंद करणे. कोणालाच काही बोलायचं नव्हतं. मी पुढचा विषय वाचणार, तेवढ्यात खांबाकडून आवाज आला.

"आपली हरकत हाय."

"कारण काय लिहू, तात्या?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"कारन न्हाय लिवलं, तर चालंल का?"

कुणी हसलं नाही. मी ती ओळ कोरी सोडली. नळ अजून तिथंच आहे.