यंत्रावरची हिरवी पिशवी

फान सरांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास होता: कोरी चाचणी आणि स्वतःचं नाक. बाकी सगळं, मग ते हवामानखातं असो की धाकटा जावई, पुराव्याशिवाय त्यांनी कधी मानलं नाही. म्हणून विद्यापीठात नवं यंत्र आलं आणि लीयुनने त्याच्या डोक्यावर खाऊची हिरवी पिशवी ठेवली, तेव्हा सर मोठ्याने हसले.

लीयुन उपकरण-कक्षाची प्रमुख, आणि सरांच्या बायकोची सख्खी धाकटी बहीण. पिशवीत होता मक्याचा कुरकुरीत खाऊ, खोबरं-लोण्याच्या चवीचा. आमच्या बेटावर हे सगळेच करतात. त्या खाऊच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्या बाळासारखं वाग' असा, त्यामुळे बँकेपासून इस्पितळापर्यंत जिथे जिथे नखरेल यंत्र, तिथे तिथे ही पिशवी. ती हिरवीच लागते, मुदत संपलेली चालत नाही, आणि कुणी फोडून खाल्ली तर यंत्र रुसतं.

"लीयुन," सर विद्यार्थ्यांच्या देखत म्हणाले, "या मक्याने माझ्या आलेखात केसाएवढा जरी फरक पडला ना, तर मी सगळ्यांसमोर या पिशवीपुढे हात जोडून उभा राहीन."

"बघा हं भाऊजी," लीयुन म्हणाली, "पिशवी ऐकतेय."

सरांनी अर्धी हयात काचेच्या चंबूत नवे रेणू बांधण्यात घालवली होती. त्यात एकदा भुवया जळल्या आणि एकदा छत. उरलेली अर्धी हयात त्यांनी दुसऱ्याचे रेणू हुडकण्यात घातली. हा दुसरा म्हणजे चहा. च्यायी शहराच्या वरच्या डोंगरात चिन-श्वान नावाचा चहा पिकतो. त्यात दुधाचा थेंब नसतो, तरी कपातून दुधासारखा वास येतो. हा वास नेमका कुठल्या रेणूचा, हे सरांना सांगायचं होतं. तेवढं साधलं असतं तर दारावरच्या पाटीवरचा 'सहयोगी' हा शब्द गळून नुसतं 'प्राध्यापक' उरलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्ती होती आणि बढती समिती त्याआधी एकदाच बसणार होती. वर्गमित्रांचे विद्यार्थीसुद्धा केव्हाच पूर्ण प्राध्यापक झाले होते. सर वरून म्हणायचे की पाटीत काय आहे, पण येताजाता ती पाटी रुमालाने पुसायचे.

नवं यंत्र याच कामासाठी होतं. चहाचा वास त्यात सोडला की ते त्यातला एकेक घटक सुटा करून आलेखावर त्याचा सुळका काढून दाखवायचं.

आता दुसरी अडचण पोटाची. सरांची रक्तातली साखर वाढली होती. बायको, बीश्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी डबा आपल्या हातात घेतला आणि दुपारी कारल्याचं सूप सुरू झालं. टर्की-भाताच्या टपरीवरून जाताना सर मान दुसरीकडे वळवायचे. तिसऱ्या प्रहरी पोटात कावळे ओरडू लागले की यंत्राच्या खोलीत ते एकटेच असायचे. ते एकटे, यंत्र एकटं आणि वर पिशवी.

अंधश्रद्धा मोडून काढणं हे शास्त्रज्ञाचं कर्तव्यच आहे, असं मनाशी म्हणत त्यांनी पिशवीला तळाशी बारीक चीर दिली आणि चार तुकडे खाल्ले. यंत्र रुसलं नाही. दुसऱ्या दिवशी मूठभर खाल्ले. पिशवी चिपाडासारखी दिसू लागली तेव्हा तिच्यात प्रयोगशाळेतला कापूस भरला, आणि पुढच्या वेळेसाठी थोडा खिशात ठेवला. दुरून पाहणाऱ्याला ती पूर्वीपेक्षाही गुटगुटीत दिसायची.

आणि त्याच आठवड्यात सुळका आला.

चिन-श्वानच्या आलेखात, जिथे आजवर सपाट मैदान होतं, तिथे एक देखणा सुळका उभा राहिला. सरांनी कपाटातून आपल्या विद्यार्थिदशेतली एक बाटली काढली. तो गोडसर, खोबऱ्या-लोण्याच्या वासाचा रेणू त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने बांधला होता. तोही यंत्रात घालून पाहिला, तर दोन्ही सुळके तंतोतंत जुळले. इतर जातींचे चहा विद्यार्थी चिमट्याने उचलून तपासायचे, त्यांत काही नव्हतं. नुसत्या पाण्याची कोरी चाचणी स्वच्छ. चिन-श्वान मात्र सर स्वतः हाताळायचे. चिमट्यात धरलं की पान गुदमरतं, ते बोटांनीच ओळखावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या घडीला त्यांचे डोळे भरून आले. तरुणपणी बांधलेला रेणू म्हातारपणी चहाच्या पानात भेटावा, यापेक्षा आणखी काय हवं?

सर गुणगुणत घरी गेले. जेवताना वाटीत भात अर्धाच दिसला, पण आनंदाच्या भरात त्यांनी तक्रार केली नाही. मग डीनला कळवलं, डीनने समितीला, आणि तारीख ठरली. अध्यक्ष म्हणून तायपेहून वेन बाई येणार होत्या. बाईंसमोर खोटा आकडा टिकत नाही अशी त्यांची ख्याती होती.

इकडे पिशवीतला शेवटचा तुकडा संपला, नुसता कापूस उरला, आणि सुळका नाहीसा झाला.

सरांनी यंत्र धुतलं, नळ्या बदलल्या, चहाची नवी पोती मागवली. मैदान सपाट ते सपाटच. त्यातच लीयुनने धूळ पुसायला पिशवी उचलली आणि तिच्या हातात कापूस आला. तिने सगळ्या विद्यार्थ्यांना रांगेत उभं करून फैलावर घेतलं. सरांनीही दोन शब्द सुनावले. दुसऱ्याचं खाणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचा अधिकार नाही, असंही ते म्हणाले. चोर तो चोर, वर शिरजोर!

लीयुनने नवी पिशवी आणली. दोनच दिवसांत सुळका परत आला.

"मी काही बोलत नाहीये, भाऊजी," लीयुन म्हणाली. न बोलताही तिचं सगळं बोलून झालं होतं.

सर चिडले आणि त्यांनी रीतसर प्रयोगच मांडला. एक आठवडा पिशवी लीयुनच्या कपाटात कुलुपात, एक आठवडा यंत्रावर, पुन्हा कुलुपात, पुन्हा यंत्रावर. पिशवी कुलुपात असली की सुळका गायब. पिशवी यंत्रावर असली की सुळका हजर, आणि आठवडा सरेल तसा चढता. गणित करून पाहिलं तर हा योगायोग असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. बिचाऱ्या सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळी कारकीर्द पुराव्याला वाहिली, आणि पुरावा मक्याच्या बाजूने!

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा माणूस, त्याला खाण्याची गोष्ट कशी आठवली नाही? पण चोरून खाल्लेलं माणूस स्वतःच्याही हिशेबात धरत नाही. सरांच्या लेखी प्रयोगात पिशवी होती, चहा होता आणि यंत्र होतं. खाणारा प्रयोगाच्या बाहेर होता.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, ते हताश होऊन यंत्रासमोर बसले. सवयीने हात पिशवीच्या चिरेत गेला. दोन तुकडे तोंडात टाकले, हनुवटीला हात लावून विचार करू लागले, आणि नाकाला दुधाचा वास आला. अगदी चिन-श्वानचा, तोच तो. सरांनी आजूबाजूला पाहिलं. चहाचं पानही बाहेर नव्हतं. त्यांनी हनुवटीवरचा हात नाकाशी नेला.

मग अगदी शांतपणे उठून त्यांनी एका कुपीत पाणी घेतलं, त्यात आपली दोन बोटं बुडवली आणि ती कुपी यंत्रात ठेवली. थोड्या वेळाने आलेखावर जो सुळका आला, तो आजवरचा सगळ्यात उंच होता. पानं बोटांनी उचलायची हौस त्यांचीच. कोऱ्या चाचणीला पानं लागत नाहीत, म्हणून तिला बोटंही लागली नव्हती.

त्या दिवशी घरी जाताना सर गुणगुणले नाहीत.

दुसऱ्या दिवशी समिती आली. डीन हसतमुख, विद्यार्थी इस्त्री केलेल्या शर्टांत. लीयुनने यंत्रावर कोरी करकरीत पिशवी ठेवली होती. वेन बाई म्हणाल्या की कागदावर सगळं वाचलंय, आता आमच्यासमोर एकदा तो सुळका काढून दाखवा. सरांनी पिशवीकडे पाहिलं. एक चिमूटभर खाऊ, मग एक चिमूटभर चहा, आणि पाटीवरचा तो शब्द कायमचा गेला असता. इतकं सोपं काम त्यांना उभ्या कारकिर्दीत कधी मिळालं नव्हतं. सर बेसिनपाशी गेले. साबण लावून, मनगटापर्यंत हात धुतले. पुसले. पानं उचलली, कुपी यंत्रात ठेवली.

आलेख आला. मैदान सपाट.

"सुळका कुठाय?" वेन बाईंनी विचारलं.

"धुतला, बाई. आत्ताच, तुमच्यासमोर," सर म्हणाले. "तो चहात नव्हताच. माझ्या बोटांवर होता. ही पिशवी रोज मी खात होतो."

लीयुनचा हात कपाळावर गेला. सर मात्र थांबले नाहीत. ते म्हणाले की आणखी एक देणं राहिलंय. मग यंत्रासमोर जाऊन, टाचा जुळवून, त्यांनी पिशवीपुढे हात जोडले. केसाएवढा फरक पडला तर, असं म्हटलं होतं. फरक चांगला सुळक्याएवढा पडला होता.

वेन बाईंनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. हसू दाबायला दुसरं काही सुचलं नसावं. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं की बढतीची शिफारस आता करता येणार नाही, आणि विचारलं की हा किस्सा सरांचं नाव घेऊन तायपेच्या मुलांना शिकवला तर चालेल का. सर चालेल म्हणाले. निघताना सवयीप्रमाणे रुमाल काढून त्यांनी पाटी पुसली. 'सहयोगी' हा शब्द जरा जास्तच चकाकला.

आता खरी समिती घरी होती. लीयुनने फोन केला असणारच. दार उघडून बीश्या बाईंनी सरांचा उजवा हात हातात घेतला, बोटांचा वास घेतला आणि आत निघून गेल्या. जेवणाच्या टेबलावर कारलं होतं, मासा होता, आणि सरांच्या वाटीत भात काठोकाठ होता.

सर वाटीकडे पाहतच राहिले.

"आज खाल्लं नाहीत ना," बाई म्हणाल्या. "मग भात बसेल पोटात."

"तुला लीयुनने सांगितलं?"

"लीयुन आज सांगतेय. शाळेत एवढी वर्षं मुलांचे खिसे तपासलेत मी. पहिल्या दिवशी दारातच कळलं. घरभर खोबरं दरवळत होतं."

सरांना वाट्या आठवू लागल्या. सुळका आला त्या दिवसांत अर्धी. पिशवी कुलुपात होती त्या आठवड्यात भरलेली. मग पुन्हा अर्धी, आणि सुळका सगळ्यात उंच चढला त्या काल संध्याकाळी तर जेमतेम दोन घास. त्यांचा आख्खा प्रयोग रोज रात्री वाटीत वाढून त्यांच्यासमोर ठेवला जात होता आणि ते तो निमूटपणे जेवून टाकत होते.

"अगं, मग बोलली का नाहीस? मी समितीसमोर तोंडघशी पडलो."

बाईंनी माशाचा काटा काढून मऊ तुकडा त्यांच्या वाटीत ठेवला.

"मला काय ठाऊक तुमचा शोध बोटांवर उभा आहे ते? मला एवढंच दिसलं की पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस गाणं म्हणत घरी येतोय. साखर मी भातातून कापू शकत होते. गाणं कुठून आणलं असतं?"

सर खाली मान घालून जेवले, वाटी पुसून स्वच्छ केली, आणि हळूच पुढे सरकवली.

"आणखी थोडा?"

"नाही," बाई म्हणाल्या. "खिशातला कापूस आधी टेबलावर ठेवा."