सर्जेराव आप्पांचा बहिष्कार

ग्रामसभेत ठराव झाला आणि निमोण्यात सर्जेराव आप्पांचं डोकं फिरलं. यंदा देवाच्या भंडाऱ्याला पहिली पंगत बायांची बसणार होती आणि वाढायला बाप्ये. ठराव मांडला बचतगटाच्या पूनमनं. त्याला सगळ्यांत आधी हात वर केला तो खुद्द आप्पांच्या बायकोनं, सोजराबाईंनी.

"आधी बाप्ये, मग बाया! हीच रीत," आप्पा घरी येऊन गरजले. "आमचा बहिष्कार हाय!"

"बरं. मग जेवनाचं काय?" सोजराबाईंनी विचारलं.

"मळ्यात पिठलं करू आमी!"

भंडाऱ्यादिवशी आप्पा चार दोस्तांना घेऊन मळ्यात गेले. तुराट्या पेटवल्या, पातेल्यात पाणी उकळलं आणि आप्पांनी त्यात सगळं बेसन एकदम ओतलं. त्यातले पोपटराव ढवळता ढवळता म्हणाले, "पन आप्पा, आधी बाप्येच का?"

"माझी आजी सांगायची. बहिनीला उठवून मला ताटावर बसवायची."

"तिला कुनी सांगितलं?"

"तिच्या सासूनं."

"आन् सासूला?"

आप्पांनी जरा विचार केला. "तिच्या नवऱ्यानं आसंल. त्यो आधी जेवायचा ना!"

"म्हंजी ज्याला आधी जेवायचं हुतं, त्यानंच रीत लावली व्हय?"

"तू पिठलं हलव," आप्पा म्हणाले.

पण पिठलं हलेना. त्यात लिंबाएवढे गोळे झाले होते. शेवटी आप्पांनी बाजूला जाऊन हळूच बायकोला फोन लावला. सोजराबाईंचे हात लापशीनं भरलेले, म्हणून पूनमनं फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढं धरला. तिच्या दुसऱ्या हातात मात्र पंगतीची सूचना द्यायचा चालू माईक होता.

"अगं, पिठल्यात गोळे झाल्यात. काय करू?" आप्पा कुजबुजले. दुसऱ्याच क्षणी देवळाच्या कर्ण्यातून त्यांचाच आवाज शिवारभर घुमला. मागोमाग अख्ख्या गावाचं हसू आलं, आणि मग सोजराबाईंचा आवाज, "रवीनं घुसळा! आन् जाळ कमी करा, खाली लागंल!"

खाली कधीच लागलं होतं.

धुरानं झोंबणारे डोळे धुवून आप्पा परत येईतो चौघांनी पातेलं संपवलं होतं. तळाला करपलेली खरवड तेवढी होती. तुम्ही जेवलात का, असं कुणी विचारलं नाही. पोपटराव बोटं चाटत म्हणाले, "मीठ कमी हुतं, आप्पा."

आप्पा उपाशीपोटी गावाकडं निघाले. मागच्या गल्लीनं घरी सटकावं म्हणत होते, पण देवळापाशी पूनमनं गाठलंच.

"बरं झालं आलात, आप्पा! चौघांना तुमी नेलं, वाढायला मानसं कमी पडल्याती." तिनं आमटीची बादली त्यांच्या हातात दिली. नाही म्हणायला आप्पांना तोंडच उरलं नव्हतं.

पंगतीच्या टोकाला सोजराबाई नुकत्याच बसल्या होत्या. आप्पांनी त्यांना आमटी वाढली. पुढं जाऊन परत आले तर वाटी रिकामी. पुन्हा वाढली, पुन्हा रिकामी.

"तुला आमटी एवढी आवडती?"

"लई."

"मग घरी कवा दिसली न्हाईस ती खाताना?"

"उरली तर खाईन की," सोजराबाई सहज म्हणाल्या. मग वाटीतल्या वाफेवर हात धरून हसल्या. "लग्नापासनं गरम आमटी आज पयल्यांदा खातीय बघा. वाढणाऱ्याचं देव भलं करो."

आप्पांनी वाटी काठोकाठ भरली आणि बादली घेऊन तिथंच उभे राहिले. पंगतीतून बाया हाका मारू लागल्या, "आप्पा, हिकडं आमटी!"

"दम धरा की!" आप्पा ओरडले. "हितं अजून बास म्हनलेलं न्हाई!"