बिनआवाजाचं स्थळ

प्रकाश बायको-मुलीला घेऊन अमेरिकेला निघणार हे कळल्यावर हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले. फक्त एकनाथराव मास्तरांनी हातातला पेढा तसाच धरून विचारलं, "आणि मग 'य'चं काय?"

"कशाचं, बाबा?"

"'य'चं. आम्ही 'म'पर्यंतच आलोय."

सायली म्हणजे प्रकाशची मुलगी. शाळा इंग्रजी, खेळायला जमणारी मुलं तेलुगू आणि हिंदी बोलणारी. मराठी अक्षरं तिला आजोबांकडून मिळत होती. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी प्रत्येक अक्षराचं एक गाणं रचलं होतं. आधी गाणं पाठ व्हायचं, मग पाटीवर अक्षर यायचं. गाण्यात एक शब्द जरी चुकला तरी मास्तर रागवत नसत. फक्त शांतपणे म्हणत, "पुन्हा." त्या एका शब्दावर त्यांनी हैदराबादच्या मराठी शाळेत जन्म काढला होता.

"उरलेली अक्षरं तिथे शिकेल की," प्रकाश म्हणाला.

"तिथे कोण शिकवणार? तू? तुझा 'ष' अजून उलटा असतो."

उरलेली गाणी आपल्या आवाजात भरून सायलीबरोबर पाठवायची, हे मास्तरांनी त्याच दिवशी ठरवलं. घरात एक जुना टेपरेकॉर्डर होता, रेकॉर्ड करणारा. पण तिथे पुतण्या गौतम बसलेला होता, आणि गौतम अमीरपेटेत कॉम्प्युटरचा कोर्स करत होता.

"काका, कॅसेट? आजच्या जमान्यात?" तो म्हणाला. "कॉम्प्युटर घ्या. एक माइक घ्या. घरातच स्टुडिओ. खरखर नाही, काही नाही. आवाज एकदम साफ."

'साफ' हा शब्द मास्तरांना फार आवडला.

आता त्या गल्लीत कुठलीही मोठी वस्तू आबासाहेबांना विचारल्याशिवाय येत नसे. शेजारच्या आबासाहेबांनी हैदराबादेतल्या निम्म्या मराठी घरांची लग्नं जमवली होती. पुढे स्कूटर, फ्रिज आणि वॉशिंग मशीन आल्यावर लोक तेही त्यांनाच दाखवू लागले. आबासाहेबांनी पद्धत बदलली नाही. ते फ्रिजसुद्धा मुलगी पाहावी तसा पाहत.

हिमायतनगरला खलीलभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मास्तर, आबासाहेब आणि गौतम स्वच्छ कपडे घालून तिथे गेले. आबासाहेब खुर्चीत बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "घराणं कुठलं?"

"कंपनी पूछ रहे," गौतमने सांगितलं.

"असेंबल्ड है साब," खलीलभाई म्हणाले. "मदरबोर्ड तैवान का, मॉनिटर कोरिया का, डब्बा यहीं का."

आबासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे एका घरचं काहीच नाही?"

"आबा, सगळेच असे असतात आता," गौतम म्हणाला.

"हं. पण आईकडचे तैवानचे म्हणतात. ते लोक कसे आहेत?"

"तैवान एक नंबर है साब, बिनघोर रहो," खलीलभाईंनी छातीवर हात ठेवला.

मग उंची पाहिली. उभा डबा आणि आडवा डबा यांत उभा पसंत पडला. रंग पाहिला, आबासाहेब म्हणाले, "उजळ आहे." गौतमने मध्येच स्वतःच्या गेमसाठी मोठं ग्राफिक्स कार्ड घुसवून दिलं, ते सुस्वभावी आहे असं सांगून. सगळं पसंतीला येत चाललं, तेव्हा खलीलभाईंनी विचारलं, "मास्टरसाब, ये आवाज वाला होना क्या बिन आवाज का? आवाज का कार्ड अलग आता."

गौतम त्या वेळी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेम खेळत होता.

मास्तरांनी विचार केला. ते कुठलीही गोष्ट अभ्यास केल्याशिवाय करत नसत. स्टुडिओविषयी जे काही वाचायला मिळालं त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली होती: रेकॉर्डिंगच्या खोलीत कसलाही आवाज नको. पंखा नको, घड्याळाची टिकटिक नको.

"बिनआवाजाचा," ते ठामपणे म्हणाले.

"शाबास!" आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "शांत स्वभाव पाहिजेच. घरात येऊन बडबड करणारं नको."

"जैसी मर्जी," खलीलभाई म्हणाले.

"आता देण्याघेण्याचं?" आबासाहेबांनी खाकरून विचारलं.

"एक्स्चेंज है साब. घर का पुराना कुछ भी लाओ, रेडियो, टेप. कमी करके देता."

मास्तरांनी टेपरेकॉर्डर देऊन टाकला. स्टुडिओ आल्यावर त्याचं काय काम?

कॉम्प्युटर घरी आला. मास्तरांच्या पत्नी सावित्रीबाईंनी त्याला कुंकू लावलं, हळद लावली, नारळ फोडला आणि पाणी मॉनिटरवर उडालं म्हणून गौतमचा ओरडा खाल्ला. मग खोली बंदिस्त करायची होती. गौतम म्हणाला, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावतात, त्याने आवाज घुमत नाही.

"अंड्यांचे?" सावित्रीबाईंनी नुसतं पाहिलं. "माझ्या घरात?"

"रिकामे असतात, काकू."

"अंडी रिकामी असोत नाहीतर भरलेली. देवघर या भिंतीच्या पलीकडे आहे."

शेवटी भिंतींवर गोधड्या टांगल्या. ट्रंकांतून निघालेल्या सगळ्या. काही सावित्रीबाईंच्या आईच्या हातच्या होत्या. खोली गरम झाली, पण शांत झाली. पंखा बंद, घड्याळ बाहेर. सायली आजोबांच्या समोर मांडी घालून बसली. मास्तरांनी घसा साफ केला. 'य'चं गाणं तयार होतं.

"गौतम, लाव माइक."

गौतम कॉम्प्युटरच्या मागे गेला. बराच वेळ तिथेच राहिला. मग त्याचं डोकं वर आलं.

"काका, पिन घालायला भोकच नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. साउंड कार्डच नाही याच्यात. हा कॉम्प्युटर ऐकतही नाही आणि बोलतही नाही."

खोलीत इतकी शांतता पसरली की मास्तरांनी स्टुडिओविषयी वाचलेल्या सगळ्या अटी त्या क्षणी पूर्ण झाल्या. बोलावणं गेलं म्हणून आबासाहेब आले. सगळं ऐकून म्हणाले, "पण दिसायला तर चांगला होता."

सावित्रीबाई दारातून मास्तरांना म्हणाल्या, "अहो, मला पाहायला आला होतात तेव्हा मला दोन गाणी म्हणायला लावली होती. एक संपल्यावर तुमचे मामा म्हणाले, अजून एक. मग याला का नाही लावलं?"

"वहिनी, हल्ली मुलीला गायला सांगत नाहीत," आबासाहेब म्हणाले. "बरं दिसत नाही."

"गाण्यासाठीच आणायची होती ना ही? मग?"

सायलीने विचारलं, "आजोबा, 'य' कधी येणार?" आणि मास्तरांना विमान दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सगळे खलीलभाईंकडे. साउंड कार्ड संपलं होतं. "माल आनेच वाला है," खलीलभाई म्हणाले. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. "तो हमारा टेप वापस दो," मास्तर म्हणाले. टेप समोरच फळीवर होता. त्यात कव्वाली चालू होती.

"नक्को बोलो मास्टरसाब," खलीलभाई कळवळून म्हणाले. "अब्बा के कॅसेट इसीच में सही बजते. सौदा हो गया, अब क्या?"

"चार दिवसांसाठी द्या. मग परत आणतो."

"दुकान से जो चीज गई, वो वापस नहीं आती. मेरा तजुर्बा है."

मास्तर उठले नाहीत. सायलीचा हात हातात धरून तसेच बसून राहिले. मग त्यांनी खलीलभाईंना सगळं सांगितलं. 'म'पर्यंतची गाणी, पाटी, विमान. शिकवायला बसल्यासारखं, घाई न करता. खलीलभाईंनी कव्वाली बंद केली.

"तो ऐसा बोलो ना. इदरीच बैठो. भर लो अपना गाना. मैं कब ना बोला?"

अशा रीतीने एकनाथराव मास्तरांचा स्टुडिओ हिमायतनगरच्या भर रस्त्यावर सुरू झाला. दुपारी गिऱ्हाईक कमी असे. सायली मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यावर बसे, मास्तर स्टुलावर. 'य' भरला, 'र' भरला. मागून ऑटोचे हॉर्न, कोणाची तरी बुलेट, आणि एकदा सबंध वरात. मास्तर प्रत्येक वेळी कपाळाला हात लावत आणि म्हणत, "पुन्हा." पण दिवस संपत आले होते आणि कॅसेटही एकच होती, त्यामुळे 'व'नंतर त्यांनी पुन्हा म्हणणं सोडून दिलं.

'श'च्या दिवशी फार गर्दी होती. मास्तर आवाज चढवून म्हणत होते:

"शामू शिंपी शिवतो शाल,
शीळ घालून शिणले गाल..."

तेवढ्यात गिऱ्हाइकासाठी खलीलभाई समोरच्या इराण्याकडे तोंड करून ओरडले, "दो पौना चाय, मलाई डाल!"

मास्तरांनी डोळे मिटले. पण गाणं थांबवलं नाही:

"शेंगा खाऊन शेताला चाल,
शहाण्या शामूची शिवली शाल."

'ज्ञ' भरला गेला तो निघायच्या दिवशी सकाळी. बेगमपेटच्या विमानतळावर कॅसेट सायलीच्या छोट्या पर्समध्ये होती. "रोज एक अक्षर," मास्तर म्हणाले, "आणि चुकलं तर?"

"पुन्हा," सायली म्हणाली, आणि आत गेली.

मास्तर घरी येऊन गोधड्यांच्या खोलीत बसले. त्यांना एकच खंत होती. नातीच्या हातात हॉर्न आणि चहाच्या ऑर्डरींनी भरलेलं मराठी दिलं. यथावकाश साउंड कार्ड आलं. खलीलभाई ते स्वतः बसवून गेले. मास्तरांनी पंखा बंद केला, घड्याळ बाहेर नेलं आणि 'य'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी गाणी नव्याने म्हटली. समोर सायली नव्हती म्हणून त्यांनी तिची पाटी समोर ठेवली होती. शिंक नाही, हॉर्न नाही. गौतमने कुठून तरी त्याची सीडी करून आणली आणि ती अमेरिकेला जाणाऱ्या एकाबरोबर पाठवली.

एका रविवारी प्रकाशचा फोन आला.

"बाबा, सीडी मिळाली. सुंदर आहे. पण सायलीला तुमच्याशी बोलायचंय."

"आजोबा," सायली गंभीर आवाजात म्हणाली, "'श' चुकलाय."

"चुकला? नाही गं. मी नीट म्हटलंय."

"एक ओळ राहिली. शामूचे गाल शिणतात ना शीळ घालून? मग त्याला चहा नको? तुम्ही त्याला चहाच दिला नाही."

मास्तरांच्या लक्षात आलं. "बाळा, ती ओळ गाण्यातली नाही. ते आपले खलीलभाई..."

"आहे," सायली म्हणाली. "मी पाठ केलंय." आणि तिने म्हणून दाखवलं. शाल, गाल, डाल, चाल. एकही शब्द न चुकता, आणि मलाईवर तर खलीलभाईंसारखाच जोर देऊन. "बरोबर आहे ना?"

मास्तरांनी बोटांवर मात्रा मोजून पाहिल्या. ती ओळ यमकाला नेमकी बसत होती. अर्थालाही.

"आजोबा?" सायलीने त्यांच्याच शांत सुरात सांगितलं. "पुन्हा."

त्या संध्याकाळी खलीलभाईंना निरोप गेला. ते आले ते कडक इस्त्रीचा कुर्ता घालून, अत्तर लावून. गोधड्यांच्या मधोमध, माइकसमोर ते ताठ बसले. आबासाहेबही येऊन कोपऱ्यात बसले होते. पाहण्याचा कार्यक्रम म्हटल्यावर त्यांना राहवत नसे. मास्तरांनी गाणं सुरू केलं, गालांपर्यंत आणलं आणि खूण केली.

खलीलभाईंनी घसा खाकरला आणि मुशायऱ्यात उभं राहावं तसं म्हणाले, "जनाब, दो प्याली चाय इनायत फर्माइए, बालाई के साथ."

"पुन्हा," मास्तर म्हणाले. "दुकान में बोलते वैसा."

"मेहरबानी करके दो पौना चाय..."

"पुन्हा."

खलीलभाईंना घाम फुटला. "मास्टरसाब, ये माइक के सामने मेरा गला बंद होता. आप मेरे से दूसरा कुछ भी काम लो."

मास्तर अजिबात चिडले नाहीत. शिकणाऱ्याला वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? ते गालांपासून पुन्हा सुरू करणार, तोच गोधडीपलीकडून सावित्रीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "भाई, चाय कितनी बनाऊं? और साय चलती क्या?"

"दो पौना चाय, मलाई डाल!" खलीलभाई सवयीने गरजले, आणि दुसऱ्याच क्षणी दाताखाली जीभ धरून कान पकडले. "तौबा, भाभी! माफ करना!"

मास्तरांनी हलकेच बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं.

"बरोबर," ते म्हणाले.

सावित्रीबाई ट्रे घेऊन आत आल्या. चहा होता, वर साय होती, आणि बशीत पोहेही होते. पहिली बशी त्यांनी खलीलभाईंपुढे ठेवली, दुसरी आबासाहेबांना दिली आणि म्हणाल्या, "बघितलंत, भाऊजी? असं आधी गायला लावायचं असतं."