गाडीचं डोकं

भाई मयेकरांना गाडीचं ॲव्हरेज विचारलं की विचारणाऱ्याचा चहा बंद व्हायचा. चहा पुढ्यात आलेला असला तरी. त्यांच्या मेव्हण्याने एकदा पहिला घोट घेताघेताच विचारलं, "भावजी, लिटरला किती देते?" भाईंनी त्याच्या हातातून कप काढून घेतला आणि पडवीवरून माडाच्या मुळात ओतला.

"यष्टीन जा," ते म्हणाले. "थंय कोण इचारणा नाय."

भाई माझे शेजारी. मी तोंडवलीच्या शाळेत मास्तर आणि ते बोटीवरचे निवृत्त इंजिनियर. जन्मभर घराएवढ्या इंजिनांच्या पोटात वावरलेला माणूस कायमचा घरी आला, तेव्हा गावात मोबाइलला नुकती कुठे रेंज मिळू लागली होती, तीही विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर. भाईंनी एक छोटी लाल गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात तिचं बॉनेट उघडून बसले.

"कंपनीन इंजीन बांधून ठेवल्यान," ते मला म्हणाले. "माका ता सोडूक होया."

म्हणून त्यांनी बोटीवरच्या एका जुन्या दोस्ताकरवी मोठे इंजेक्टर मागवले. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारी बोटाएवढी नळी. ते बसवल्यावर गाडी सुटली खरी, पण काळा धूर सोडत. त्यांच्या बायकोने, शालनवहिनींनी, वाळत घातलेली लुगडी दोनदा धुवावी लागली. गाडी चार हात जायची, ठसकायची आणि पेट्रोलच्या वासाने माझ्या स्वयंपाकघरातली सोलकढी बाटायची.

फवारे मोठे झालेत हे गाडीतल्या कॉम्प्युटरला कळलंच नव्हतं. तो जुन्याच हिशेबाने ते उघडत होता आणि इंजीन पेट्रोलात बुडत होतं. भाई त्या कॉम्प्युटरवर माणसासारखे चिडले. "हात पैलवानाचे दिले, डोक्या पोराचाच रवला," म्हणत त्यांनी तो उपटून काढला आणि परदेशातून दुसरा मागवला, लॅपटॉप जोडून शिकवता येईल असा.

शिकवायच्या कामी मला धरलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी बाजूला बसायचं, भाईंनी तळाशीलच्या रस्त्याला गाडी पळवायची आणि मी हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा मोठ्याने वाचायचा. आकडा खाली गेला की पेट्रोल जास्त जातंय असं समजायचं.

"तेरा," मी म्हणायचो. "बारा. अकरा."

"अकरा? नीट वाच, मेल्या."

"अकराच आहे, भाई."

"मगे खोटा बोलता."

"कोण, मी?"

"डोक्या," असं म्हणून ते डॅशबोर्डवर बुक्की मारायचे.

एकदा समोर म्हशी आल्या. भाई खाली उतरले आणि बोटीवरच्या इंग्रजीत म्हशींना झाडू लागले. म्हशींनी ऐकून घेतलं. राहवलं नाही म्हणून मी विचारलं, "एवढी ताकद करून ही गाडी शेवटी जाणार कुठे? आचऱ्याच्या बाजाराला?" त्यानंतर बरेच दिवस आमचं बोलणं बंद होतं.

पंपावर ते पेट्रोल बाटलीत घेऊन उन्हात धरायचे आणि पंपवाल्याशी भांडायचे. खड्ड्यांबद्दल कंत्राटदाराशी, खारट हवेबद्दल समुद्राशी. गाडी मात्र शेवटी सुधारली. चढावर ती अशी खेचायची की माझी पाठ सीटला चिकटायची. त्या क्षणी भाईंचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

मग त्यांचा राग वाढला. डावा मडगार्ड एका चिऱ्याच्या गडग्याला, कुणाच्या तरी दगडी कुंपणाला घासला, तर गडगा बाहेर सरकवला म्हणून मालकाशी कडाक्याचं भांडण. कुणीतरी सायकल मध्येच लावली, कुणाचा माड रस्त्यात वाकला. एके सकाळी मी त्यांच्या बाजूला बसलो होतो. डाव्या कडेने एक मासेवाली डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. भाई तिच्या अगदी अंगावरून गेले. पाटी टाकून तिने गटारात उडी मारली म्हणून वाचली. बांगडे रस्ताभर पसरले.

"डोळे खंय ठेवलास, बोटीर?" ती ओरडली.

भाई उलट बोलतील म्हणून मी वाट बघत राहिलो. ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, ही खंयसून इली?"

"भाई, ती केव्हापासून समोरच होती."

कुडाळच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. बाजूची नजर गेलेली आहे, ती परत यायची नाही, गाडी चालवणं बंद. भाई घरी येऊन डॉक्टरला, त्याच्या यंत्राला आणि त्याच्या कॉलेजला शिव्या देत राहिले. मग त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि तिच्याकडे पाठ करून पडवीत बसू लागले.

एके दिवशी वहिनी बाहेर आल्या. "मी शिकतलंय," त्या म्हणाल्या.

"ती तुझ्या हाताक झेपाची नाय," भाई गरजले.

"मगे झेपात अशी करा. तुमचाच काम ता."

भाई उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी मला हाक आली. मोठे इंजेक्टर काढून जुने परत बसवलेले होते. स्क्रीनला नाक लावून भाई बसले होते. आकडे मी वाचत होतो, आणि ते एकच सांगत होते, कमी कर. ओढ कमी कर. अजून कमी. एवढ्या वर्षांची मेहनत ते माझ्याच हातांनी पुसून घेत होते. एकच आकडा त्यांनी वाढवायला लावला, गाडी जागच्या जागी उभी असताना इंजीन किती जोरात फिरावं त्याचा.

"हा कशाला?" मी विचारलं.

"क्लच सोडताना ती गडबडतली," ते हळू आवाजात म्हणाले. "चारचौघांत गाडी बंद पडली तर लाजतली. बंद पडूक देवची नाय."

पुढच्या रविवारी मी शाळेच्या कुंपणाशी उभा होतो. पदर खोचून, स्टिअरिंगला छाती टेकून वहिनी येत होत्या. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते. डावीकडच्या सीटवर भाई हात मांडीवर ठेवून गप्प बसलेले. मी हात केला.

"मास्तर हात करतत," वहिनी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

भाईंनी हसून हात वर केला. सरळ पुढे, जिथे मी नव्हतो.

मी धावत गाडीच्या पुढे गेलो आणि रस्त्यात उभा राहिलो. वहिनींनी घाबरून ब्रेक दाबला. भाईंनी काचेतून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "आता दिसलंस."