कुलपाची पायडलं

मला एक वाईट खोड आहे. एखादी वस्तू कशी चालते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि मला ते कळलं की ती वस्तू चालायची बंद होते. (आमचं भिंतीवरचं घड्याळ, रेडिओ आणि माझ्या बायकोचं, प्रमिलेचं शिलाई मशीन, तिघंही साक्ष द्यायला तयार आहेत.) मी धुळ्यात एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. तिथे उघडून बघण्यासारखी फक्त पाकिटं असतात, त्यामुळे सरकारचं अजून तरी नुकसान झालेलं नाही.

त्र्याण्णव साली डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवून सायकल चालवायला सांगितलं. मी साधी सायकल घेतली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण त्या वर्षी दुकानात जाड टायरांच्या, गिअरवाल्या, डोंगरावर चालवायच्या सायकली आल्या होत्या. त्या गिअरमधली साखळी या चाकावरून त्या चाकावर उडी कशी मारते, हे बघत मी दुकानात तासभर उकिडवा बसलो आणि शेवटी लाजेखातर सायकल घेऊन बाहेर पडलो. घरी सांगितलं, "आता दर रविवारी लळिंगचा डोंगर."

"आधी देवपूरचा पूल चढून दाखवा," प्रमिला म्हणाली.

दोन महिन्यांत मी लळिंग दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा एसटीच्या खिडकीतून.

एवढ्यात माझा मेहुणा अभिमन सुटीवर आला. तो जर्मनीत एका कारखान्यात कामाला आहे. त्याने माझ्यासाठी एक खोकं आणलं. त्यात दोन लोखंडी पायडलं आणि एक बुटांचा जोड. बुटाच्या तळव्याला पितळी पट्टी.

"भाऊजी, डोंगरावर सायकल उसळते आणि पाय निसटतो," अभिमन म्हणाला. "म्हणून हा बूट पायडलात खट्टकन बसतो. टाच बाहेर फिरवली की सुटतो."

"आणि नाही फिरवली तर?"

"तर पाय तिथेच."

झालं. माझी झोप उडाली. सपाट पायडल ठेवावं की हे कुलपाचं लावावं? मी कचेरीत सगळ्यांना विचारलं. मग देवपूरच्या चौकातल्या इसाकभाईला विचारलं. इसाकभाई तीस वर्षं सायकली दुरुस्त करतो आणि माझ्या सायकलकडे सख्ख्या भाच्यासारखं बघतो. त्याने बूट हातात घेतला, पायडलात बसवला, फिरवून सोडवला, पुन्हा बसवला. आम्ही दोघं अर्धा तास तेच करत होतो. दोन गिऱ्हाइकं पंक्चर तशीच घेऊन परत गेली.

"चीज भारी आहे साहेब," तो म्हणाला. "पण मानसाचा पाय मानसाच्या हुकमात पाहिजे. सपाटच ठेवा."

प्रमिलेचं मत त्याहून सरळ होतं. "ज्याला चढाच्या आधीच उतरायची घाई असते, त्याने पाय बांधून कशाला घ्यायचे?"

तरी मी कुलपाची लावली. आठ दिवस घरामागच्या भिंतीला टेकून सराव केला. दहापैकी नऊ वेळा पाय सुटायचा. दहाव्या वेळी भिंत असायची.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. रूपचंदनाना. जळगावजवळ असोद्याला त्यांची केळीची बाग आहे. आमच्याकडे रीत अशी की रस्त्यात सासरा दिसला तर जावयाने सायकलवरून उतरायचं. वरूनच हात जोडले, हसून मान हलवली, हे चालत नाही. दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत. त्याच्या सहा वर्षं आधी जळगावात मी एकाच्या सायकलवरून चाललो होतो. चौकात नवे दिवे लागले होते, आणि तांबडा किती वेळ राहतो, हिरवा किती वेळ, हे मी मोजत होतो. नाना गावातल्या पाच माणसांबरोबर कडेला उभे होते. मी त्यांच्या समोरून आकडे पुटपुटत निघून गेलो.

नाना तेव्हा काही बोलले नाहीत. नंतरही बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. प्रमिला आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, एकटी माहेरी जायची, झोक्यावर बसायची आणि तोंड पाडून परत यायची. एकदा पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "सहा वर्षं झाली, माझ्या बापाने माझ्या घरचं पाणी प्यायलेलं नाही." मला फार वाईट वाटलं. असोद्याला जाऊन माफी मागावी असं मला दरवर्षी वाटायचं. (वाटायचं एवढंच. दर उन्हाळ्यात मला काहीतरी महत्त्वाचं काम निघायचं.)

आणि त्या मार्चात नानांचं कार्ड आलं. धुळ्याला डोळे दाखवायला येतोय. गुरुवारी दहा वाजता देवपूरच्या चौकात उभा राहीन. प्रमिलेने येऊन केळी घेऊन जावी. घरी येणार नाही.

प्रमिलेने कार्ड चार वेळा वाचलं आणि माझ्याकडे वळली. "मी जाणार नाही. तुम्ही जा. सायकलवरच जा. सगळ्या चौकासमोर उतरा, पायाला हात लावा आणि त्यांना घरी घेऊन या. तोंडाने काही बोलू नका. बोललात की बिघडतं."

"आणि नाही आले तर?"

"तर पुढच्या आखाजीला मी गेले की परत यायची घाई करणार नाही." हे ती चेष्टेत म्हणाली नव्हती.

मी अगदी शहाण्यासारखं ठरवलं. साडेनऊला इसाकभाईकडे जायचं, कुलपाची पायडलं काढून सपाट बसवून घ्यायची आणि दहा वाजता नानांसमोर ऐटीत उतरायचं. पण गुरुवारी सकाळी बूट घालताना मला पायडलाच्या मागे एक बारीक स्क्रू दिसला. तो तिथे का असेल? मी पेचकस आणला आणि फिरवला. काहीच झालं नाही. म्हणून आणखी फिरवला. मग दुसऱ्या बाजूला तसाच स्क्रू होता, त्याला वाईट वाटू नये म्हणून तोही फिरवला. तो कुलूप घट्ट करायचा स्क्रू होता, हे अभिमनने नंतर पत्रातून कळवलं.

मी साडेनऊला चौकात शिरलो तर नाना आधीच हजर. लवकरची गाडी मिळाली असणार. पांढरं धोतर, टोपी, पायाशी केळीची पिशवी, बरोब्बर मधोमध. मी पाच हातांवरून हसलो आणि टाच बाहेर फिरवली. पाय हलला नाही. दुसरी फिरवली. तीही नाही.

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. थांबलो तर पडणार, आणि सरळ गेलो तर पुन्हा सासऱ्यासमोरून न उतरता जाणार. त्यातून आणखी सहा वर्षं. मला एकच सुचलं. मी हँडल वळवलं आणि नानांना वळसा घातला.

"टाच बाहेर, साहेब, टाच बाहेर," इसाकभाई दुकानातून ओरडला. मी टाच, गुडघा, कंबर सगळं बाहेर फिरवलं. दुसरी फेरी झाली. प्रत्येक फेरीला नाना समोर आले की मी हात जोडायला बघायचो आणि हँडल डगमगायचं. रिक्षावाले थांबले. भाजीवाली भागाबाई पाटीवरून उठली आणि शेजारणीला म्हणाली, "देख व माय, जवाई सासराले प्रदक्षिणा घाली ऱ्हायना. असा जवाई नशीबमां लागस."

चौकातल्या दोन म्हाताऱ्यांनी टोप्या सरळ केल्या. एकाने हातही जोडले.

तिसऱ्या फेरीला मी दमलो. सायकल आपोआप हळू झाली, डावीकडे कलली, आणि मी सायकलसकट नानांच्या पायांवर आडवा झालो. कपाळ त्यांच्या जोड्याला लागलं. साष्टांग नमस्कारात आठ अंगं टेकतात म्हणतात. माझी दहा-बारा तरी टेकली असतील.

"उठा जवाईबोवा," नाना वरून म्हणाले.

"उठता येत नाही, नाना."

भागाबाईने डोळ्यांना पदर लावला. मी खरं तेच बोललो होतो, पण कोणी तसं घेतलं नाही.

"उठा, लोकं पाही राह्यले."

"नाना, माझं चुकलं," मी म्हणालो. हे मी सायकलखालून म्हणालो खरं, पण सहा वर्षं घशात अडकलेलं होतं ते. माझे डोळे भरून आले. (गुडघाही फुटला होता, तरी सगळं श्रेय गुडघ्याला देणार नाही.)

मी खालून त्यांचे जोडे बघत होतो. उजव्याचा टाका उसवला होता. मग नाना म्हणाले, "बरं. झालं गेलं सोडा. चला घरी."

इसाकभाईने येऊन माझे पाय बुटातून काढले. बूट पायडलातच राहिले. मी मोज्यांवर चालत, डोक्यावर केळीची पिशवी घेऊन सासऱ्यांना घरी आणलं. प्रमिला दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नानांनी तो घटाघट रिकामा केला, आणि ती वळून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

नाना चार दिवस राहिले. वांग्याचं भरीत झालं, मांडे झाले. गल्लीतल्या बायका मला बघून आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, बघा, सासऱ्याचा मान कसा ठेवतात. मी खाली मान घालून ते सगळं स्वीकारत होतो. चौथ्या दिवशी मी नानांना एसटीत बसवायला गेलो. गाडी लागायला वेळ होता, आणि माझ्या मनाला टोचणी लागलेली.

"नाना, एक सांगायचं होतं. त्या दिवशी त्या फेऱ्या..."

"पाय अडकला व्हता तुमचा," नाना म्हणाले. "मले पहिल्याच फेरीले समजलं. बैलाचा पाय दाव्यात अडकला म्हंजी तो आसाच गोल फिरतो."

खोड कुठे जाते. म्हणालो, "मग नाना, माहीत होतं तर मला एवढा वेळ तसंच का पडून राहू दिलंत?"

नाना गाडीच्या पायरीवर चढले आणि वळून म्हणाले, "मी सहा वर्सं रुसून बसलो व्हतो, तुमी एकदाबी उठवाले आले नही. तुमी पाच मिनिटं पडले तं काय झालं?"